हिंसेवरच्या संशोधनाला सरकारी पैसा : तो येतो कुठून, आणि तुमच्या प्रश्नाचं काय करतो?

सुरुवातीला दोन आकडे बघा.

पहिला आकडा ५३.२२ टक्के. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालकांवरील अत्याचारांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींशी बोलून तो केलेला होता. त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी एक ना एक प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं.

दुसरा आकडा १.५ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते २९ वयाच्या स्त्रियांना विचारलं गेलं, की वयाची अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी तुमच्यावर लैंगिक हिंसा झाली होती का? 'हो' म्हणणाऱ्या निघाल्या १.५ टक्के.

देश एक. दोन्ही अभ्यास केंद्र सरकारच्याच मंत्रालयांचे. आणि आकड्यांत पस्तीसपट फरक! मग खरा कोणता आणि खोटा कोणता? संशोधनाची तयारी करत असाल तर हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. त्याऐवजी असं विचारा : हे दोन्ही अभ्यास कशासाठी केले गेले, पैसा कुठल्या कामाच्या नावाने आला, आणि त्या पैशातून प्रश्न कसा विचारला गेला?

२००७ चा अभ्यास खास बालकांवरील अत्याचारांसाठीच होता. त्यात मुलगे होते, मुली होत्या. घरी राहणारी, शाळेत जाणारी, संस्थांमध्ये राहणारी, काम करणारी आणि रस्त्यावर राहणारी, असे मुलांचे पाच गट ठरवून निवडले होते. लैंगिक अत्याचाराची व्याख्याही रुंद होती. जबरदस्तीने चुंबन घेण्यापासून अश्लील चित्रं दाखवण्यापर्यंत बरंच काही तिच्यात येत होतं. त्यामुळे ५३ टक्के हा त्या नमुन्यातल्या मुलांचा आकडा आहे. 'भारतातली ५३ टक्के मुलं' असं त्यावरून म्हणता येत नाही, तरी वर्तमानपत्रांत आणि भाषणांत तो सर्रास तसाच वापरला जातो.

कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मुळात लोकसंख्या आणि आरोग्याचं आहे. अनोळखी मुलाखतकार घरी येते, जन्म, लसी, पोषण यांवर लांबलचक प्रश्न विचारते आणि त्याच बैठकीत लैंगिक हिंसेचा प्रश्न येतो. प्रश्न जबरदस्तीच्या लैंगिक संबंधांपुरता मर्यादित, आणि फक्त स्त्रियांना. तिथे 'हो' म्हणायला किती धैर्य लागत असेल याचा विचार करा. त्यामुळे १.५ टक्के म्हणजे 'इतक्या जणींनी सांगितलं' एवढाच अर्थ घ्यायचा. 'इतक्या जणींवर झालं' असा नाही.

आजच्या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. या विषयात अंदाजपत्रक आणि नैतिकता वेगळ्या करता येत नाहीत. पैसा कुठून आला आणि कशावर खर्च झाला, यावर उत्तर ठरतं. आणि उत्तर देणारी व्यक्ती सुरक्षित राहिली की नाही, हेही.

पैसा नेमका कुठे असतो?

'लैंगिक हिंसा संशोधन अनुदान' अशी पाटी लावलेली खिडकी शोधायला जाल तर हात हलवत परत याल. पैसा वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या नावांनी असतो.

आरोग्याच्या बाजूने जायचं तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर. इथे तुमचा विषय मानसिक आरोग्य, प्रजनन आरोग्य, किशोरवयीन आरोग्य किंवा आरोग्यसेवांची अंमलबजावणी या नावाने जातो. समाजविज्ञानाच्या बाजूने भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर. तिथे तोच विषय लिंगभाव, कायदा किंवा सामाजिक धोरण होतो. महिला व बालविकास मंत्रालय स्वतःही संशोधनासाठी अनुदान देतं. राष्ट्रीय महिला आयोग अभ्यास करवून घेतो. पोलीस आणि गुन्हेशास्त्राच्या बाजूने जायचं असेल तर गृह मंत्रालयाच्या पोलीस संशोधन व विकास ब्युरोची पीएचडी फेलोशिप आहे.

विज्ञान शाखेच्या मंडळींना प्रश्न पडेल, की आपल्या ओळखीच्या खिडकीचं काय? पूर्वीच्या एसईआरबीची जागा आता २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली आहे. त्या कायद्यात नैसर्गिक विज्ञान, अभियांत्रिकी, आरोग्य, शेती यांबरोबर मानव्यविद्या आणि समाजविज्ञानाचा उल्लेख आहे, पण त्यांचा विज्ञान-तंत्रज्ञानाशी जिथे सांधा जुळतो तेवढ्यापुरताच. त्यामुळे न्यायवैद्यक डीएनए तपासणी, मोजमापाच्या पद्धती किंवा विदा सुरक्षित ठेवण्याचं तंत्र असा विषय असेल तर दार किलकिलं आहे. नुसता 'स्त्रियांचे अनुभव' म्हणून गेलात तर ते बंदच असायची शक्यता जास्त.

आणखी एक फरक सुरुवातीलाच समजून घ्या. फेलोशिप म्हणजे प्रकल्प अनुदान नव्हे. यूजीसी-नेटची जेआरएफ (२०२३ पासून महिना ३७,००० रुपये) असो, की आपल्याकडच्या बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप, हा पैसा तुमच्या पोटापाण्याचा आहे. मुलाखतकार, गाडीभाडं, समुपदेशक यांचा खर्च त्यात धरलेला नसतो. प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याला निदान उपकरणं विभागाची मिळतात. क्षेत्रकार्य करणाऱ्याची 'उपकरणं' म्हणजे माणसं, आणि त्यांना मानधन द्यावं लागतं.

निर्भया निधीतून मिळेल का?

हा प्रश्न हमखास येतो. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर, २०१३-१४ च्या अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांनी हा निधी सुरू झाला. पुढे त्यात भर पडत गेली. पण त्यातून मुख्यतः सेवा आणि यंत्रणा उभ्या राहतात : सखी वन स्टॉप सेंटर, ११२ ची आपत्कालीन सेवा, सुरक्षित शहर प्रकल्प, न्यायवैद्यक प्रयोगशाळांची क्षमतावाढ. वैयक्तिक संशोधकाने अर्ज करावा असा हा निधी नाही.

पण सेवा जिथे असते तिथे नोंदी असतात, आणि नोंदी असतात तिथे संशोधनाचा प्रश्न असतो. मुंबईतलं उदाहरण घ्या. वांद्र्याच्या महापालिकेच्या भाभा रुग्णालयात २००० मध्ये 'दिलासा' हे केंद्र सुरू झालं. महापालिका आणि 'सेहत' ही संशोधन संस्था यांनी मिळून ते उभारलं. मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्यात जाईलच असं नाही, पण जखम घेऊन दवाखान्यात येते, हा त्यामागचा साधा विचार. नंतर हा नमुना शहरातल्या इतर पालिका रुग्णालयांत गेला. अशा केंद्रांतल्या अनुभवातून आणि नोंदींतून जे ज्ञान तयार झालं, त्याचा उपयोग लैंगिक हिंसेतून वाचलेल्यांच्या वैद्यकीय तपासणीबद्दलच्या चर्चेत झाला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये त्यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यांत तथाकथित 'टू फिंगर टेस्ट' करू नये असं स्पष्ट सांगितलं.

म्हणून संशोधनाचा पैसा मिळत नसेल तर सेवेचा पैसा कुठे खर्च होतोय ते बघा. तिथे आधीपासून असलेल्या नोंदींवर रीतसर परवानगीने केलेला अभ्यास खर्चात स्वस्त पडतो. शिवाय कोणाला नव्याने जखम उकलून दाखवायला लावत नाही.

पैसा प्रश्नाला आकार कसा देतो?

पुन्हा कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाकडे येऊ. हे काम केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईत देवनारला असलेली आयआयपीएस ही संस्था करते. पाचव्या फेरीत सव्वासहा लाखांहून जास्त घरं होती. पण कौटुंबिक हिंसेचा भाग या सगळ्या घरांत विचारला गेला नाही. तो फक्त १५ टक्के घरांच्या उपनमुन्यात होता आणि तिथेही एका घरातल्या एकाच स्त्रीला.

याचा परिणाम काय? लसीकरणाचा आकडा तुम्हाला जिल्ह्यानुसार मिळतो. हिंसेचा आकडा मिळतो तो फक्त राज्यापर्यंत. 'नंदुरबार आणि सातारा यांची तुलना करतो' असा प्रस्ताव घेऊन कोणी आलं, तर या विदेतून ते होणार नाही. एवढ्या मोठ्या सर्वेक्षणात हा भाग लहान ठेवावा लागतो याला कारणं आहेत : वेळ, प्रशिक्षण, खासगी जागा, धोका. पण संशोधक म्हणून तुम्हाला ती मर्यादा आधी दिसायला हवी.

आता प्रश्न विचारण्याची पद्धत बघा. तिसऱ्या फेरीपासून (२००५-०६) हा भाग सविस्तर झाला. त्यात 'तुमच्यावर हिंसा होते का?' असं विचारत नाहीत. कृती विचारतात : नवऱ्याने कधी थोबाडीत मारली का, हात पिरगळला का, केस ओढले का, लाथ मारली का, गळा दाबला का? मरे स्ट्राउस यांच्या 'कॉन्फ्लिक्ट टॅक्टिक्स स्केल'वर ही पद्धत बेतलेली आहे. कारण सरळ आहे. 'हिंसा' हा शब्द ऐकला की बाई म्हणते, छे, आमच्यात तसलं काही नाही. थोबाडीत मारली का विचारलं, की म्हणते, ते काय, चालायचंच.

अशा प्रश्नांतून पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. चौथ्या फेरीत हा आकडा ३१.२ होता. देशाचा आकडा जवळपास तिथेच राहिला, पण कर्नाटकात तो २०.६ वरून ४४.४ वर गेला. चार-पाच वर्षांत मारहाण दुप्पट झाली, की सांगण्याचा मोकळेपणा वाढला, की मुलाखतकारांचं प्रशिक्षण बदललं? नुसत्या आकड्यावरून याचं उत्तर मिळत नाही. अशा ठिकाणी 'वाढ झाली' लिहिण्याआधी दहा वेळा थांबा.

आणखी एक गोष्ट. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधल्या अपवादानुसार, पत्नी अठरा वर्षांखालील नसेल तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही. पण त्याच सरकारचं सर्वेक्षण बायकांना विचारतं, की नवऱ्याने इच्छेविरुद्ध संबंध ठेवले का? आणि लैंगिक हिंसा झाली म्हणणाऱ्या विवाहित स्त्रियांपैकी बहुतेक जणी नवऱ्याकडेच बोट दाखवतात. कायद्याच्या आकडेवारीत जे येतच नाही, ते आरोग्याच्या आकडेवारीत येतं. एनसीआरबीची आकडेवारी पोलिसांत नोंदलेल्या गुन्ह्यांची असते. २०२१ मध्ये बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे नोंदले गेले. हा आकडा आणि सर्वेक्षणाचा आकडा एकाच तक्त्यात शेजारी शेजारी ठेवू नका. दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात.

सुरक्षिततेचा खर्च कुठल्या रकान्यात?

आता मुख्य मुद्दा. समजा, तुम्ही ४०० विवाहित स्त्रियांच्या मुलाखती घेणार आहात. वरचा राष्ट्रीय आकडा धरला तर साधारण १२० जणी तुम्हाला सांगतील, की हो, माझ्यावर झालंय. पाचव्या फेरीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के जणींनी मदतही मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. म्हणजे तुमच्या १२० पैकी नव्वदेक जणी आयुष्यात पहिल्यांदा ही गोष्ट बोलणार, आणि तीही तुमच्याशी.

त्यानंतर काय? तुम्ही टॅब बंद करून पुढच्या घरी जाणार?

याच कारणाने जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये अशा संशोधनासाठी खास शिफारशी काढल्या. उत्तर देणारी स्त्री आणि संशोधन करणारी टीम यांची सुरक्षितता सगळ्यात आधी. गोपनीयता. खास प्रशिक्षित मुलाखतकार. मदत हवी असेल तर ती कुठे मिळेल याची तयारी. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही हेच दिसतं : पूर्ण एकांत मिळाला तरच हा भाग विचारायचा, सासू किंवा नवरा ऐकत असेल तर सोडून द्यायचा. एका घरात एकीलाच विचारायचं, म्हणजे घरात दुसऱ्या कोणाला प्रश्न कळत नाहीत.

यातली प्रत्येक गोष्ट पैशाची आहे. एकांत मिळेना म्हणून पुन्हा जायचं, तर दुसऱ्या फेरीचं गाडीभाडं. मुलाखतकार बाईच हवी आणि ती एकटी नको, म्हणजे दोघींचं मानधन. प्रशिक्षण दोन दिवसांत होत नाही. समुपदेशक तालुक्याला नसेल तर तिला आणायचा खर्च. रोज अशा कहाण्या ऐकणाऱ्या मुलाखतकारांनाही त्रास होतो, त्यांच्याशी बोलायला कोणीतरी हवं.

आणि सरकारी प्रस्तावाच्या तक्त्यात रकाने साधारण असे असतात : मनुष्यबळ, उपकरणं, उपभोग्य साहित्य, प्रवास, आकस्मिक खर्च, संस्थेचा वाटा. 'उत्तर देणाऱ्या स्त्रीची सुरक्षितता' असा रकाना बहुधा नसतो. रकाना नाही म्हणून खर्च टाळला जातो, आणि तो खर्च शेवटी तीच बाई भरते. दारामागे नवऱ्याने ऐकलेलं असतं, गाडी निघून गेलेली असते.

म्हणून रकाना नसेल तर आहे त्यात बसवा. समुपदेशक मनुष्यबळात अर्धवेळ दाखवा. पुनर्भेटी प्रवासात धरा आणि कारण लिहा. अनुदान मंजूर झाल्यावर रक्कम एका शीर्षातून दुसऱ्यात वळवायला परवानगी लागते आणि उपयोगिता प्रमाणपत्र देताना हिशोब शीर्षानुसारच द्यावा लागतो, म्हणून हे सुरुवातीलाच करा. समीक्षकाने 'हा खर्च कमी करा' म्हटलं तर नमुना ४०० वरून २५० करा, पण समुपदेशक कापू नका. नमुना लहान झाला तर उत्तराची अनिश्चितता वाढेल, ती आकड्यांत सांगता येते. असुरक्षित मुलाखतीचं नुकसान कुठल्याच तक्त्यात दाखवता येत नाही.

मुलांवर काम करायचं असेल तर

इथे पॉक्सो कायदा (२०१२) येतो. कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संशोधकाला यातून सूट नाही. म्हणजे 'तू सांगितलेलं कोणालाही कळणार नाही' असं वचन तुम्ही मुलाला देऊच शकत नाही. संमतीपत्रात हे त्याला समजेल अशा भाषेत आधीच सांगायला हवं.

दुसरी अडचण पालकांच्या संमतीची. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती लागते आणि सात वर्षांवरच्या मुलाचा होकारही. पण अत्याचार करणारा घरातलाच असेल तर? मुलांची हेळसांड आणि अत्याचार यांसारख्या संवेदनशील विषयांत नैतिकता समिती पालकांच्या संमतीची अट शिथिल करू शकते, अशी तरतूद त्याच तत्त्वांत आहे. मात्र तुम्ही तसं मागावं लागतं, कारण द्यावं लागतं आणि जादा संरक्षण काय देणार ते लिहावं लागतं. पहिल्या पीएचडीसाठी माझा सल्ला विचाराल तर मुलांना थेट प्रश्न विचारणारा अभ्यास अनुभवी टीमशिवाय हाती घेऊ नका.

परदेशी पैसा आणि आपला पैसा

या क्षेत्रातलं बरंच काम परदेशी संस्थांच्या पैशावर उभं राहिलं. आता ती वाट अरुंद झाली आहे. एफसीआरए कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेने पैसा आणायचा आणि तालुक्यातल्या छोट्या संस्थेने काम करायचं, ही पद्धत त्यामुळे मोडली. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, तेव्हा अनेक देशांत अशी सर्वेक्षणं करणारा डीएचएस कार्यक्रमही बंद पडला. आपल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची प्रश्नावली त्याच घराण्यातली आहे.

म्हणजे स्वतःच्या सरकारने या विषयावर पैसा खर्च करणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे. आणि अवघडही, कारण इथे पैसा देणारं सरकारच पोलीस ठाणं, रुग्णालय आणि निरीक्षणगृहही चालवतं. निष्कर्ष त्यांच्याच कारभाराबद्दल असू शकतात. म्हणून करारावर सही करण्याआधी एक कलम शोधा : निष्कर्ष प्रसिद्ध करायला परवानगी लागते का, आणि किती दिवसांत उत्तर मिळतं? आपल्या गाईडला आणि संस्थेच्या कार्यालयाला हे आधीच विचारा.

प्रस्ताव लिहिण्याआधी

१. तुमचा प्रश्न आधीच्या विदेतून सुटतो का ते तपासा. सुटत असेल तर नव्याने कोणाला विचारू नका.

२. अनुदान देणाऱ्याच्या भाषेत विषय मांडा, पण व्याख्या स्वतःची ठेवा आणि पहिल्या पानावर लिहा.

३. किती जणी 'हो' म्हणतील याचा अंदाज काढा आणि तेवढ्यांसाठी मदतीची सोय अंदाजपत्रकात दाखवा.

४. जवळचं सखी केंद्र, रुग्णालय, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांना स्वतः भेटून या. फोन लागतो का, माणूस असतो का, ते बघा. नुसता नंबर छापलेलं कार्ड देऊ नका. ते घरात सापडलं तर काय होईल याचाही विचार करा.

५. एकांत मिळाला नाही म्हणून सोडलेल्या मुलाखतींची नोंद ठेवा. त्याही तुमच्या निष्कर्षाचा भाग आहेत.

६. नैतिकता समितीकडे अर्ज अनुदान मिळाल्यावर नव्हे, प्रस्ताव लिहितानाच तयार ठेवा.

यातला तिसरा मुद्दा तुमच्या विषयाला लावून आजच आकडा काढून बघा. कागदावर तो आकडा लिहिला की पुढे अंदाजपत्रकात काय काय धरायचं, ते आपोआप सुचत जातं.